वजनाची ओळ

हे मी कुणाला सांगितलेलं नाही. बायकोला नाही, दादाला तर नाहीच. घरच्या लग्नाकार्यात जेवणं झाली की गोष्टी सांगायला मलाच बसवतात. मी माझीच फजिती रंगवून सांगतो, सगळे हसतात. ही गोष्ट मात्र कधी तोंडातून निघाली नाही. तुम्हाला का सांगतोय? तुम्ही मला ओळखत नाही, बहुतेक तेवढ्यासाठीच.

दादा म्हणजे माझा थोरला भाऊ. त्याचा दिंडोरीकडे द्राक्षमळा, मी नाशिकला विमा कचेरीत. दोन हजार दोनच्या सुमारास दादाने ओळखीतून एक परदेशी गाडी मागवली — मोटारसायकलसारखं हँडल, रणगाड्यासारखा आव, आणि चारही चाकांना इंजिनाचा जोर. ओढ्यापलीकडच्या चढावरच्या बागेत ट्रॅक्टर धड चढत नसे, म्हणून ही. वहिनीने ओवाळलं, चाकांखाली लिंबं ठेवली, आणि मग सगळे माझ्याकडे वळले. कारण गाडीबरोबर आलेलं पुस्तक इंग्रजीत होतं, आणि घरात इंग्रजीचा मक्ता माझ्याकडे. आता खरं सांगायचं तर मला सायकलची उतरलेली चेनसुद्धा बसवता येत नाही. पण चष्मा पुसून ते पुस्तक मी असं काही उघडायचो, की जणू कारखाना माझाच.

गाडी चालवायला काशिनाथ होता. पेठकडच्या डोंगरातला, चाळिशीचा. द्राक्षाच्या हंगामाला यायचा, तो पुढे दादाकडेच राहिला. चौथीपर्यंत शाळा. त्याच्यासाठी मी पुस्तकाचं मराठी करून एका वहीत लिहून दिलं. पहिले वीस तास इंजिन अर्ध्याच्या वर पळवायचं नाही. मग ऑइल बदलायचं. रोज संध्याकाळी फिल्टर झटकायचा, चाकांचे नट आवळून बघायचे. काशिनाथने ती वही पाठ केली — खरोखर पाठ. एकदा दादाच वैतागला.

"अरे, जरा पळव की. बैलगाडी आहे का ती?"

"नाय दादा. वहीपरमानं अजून सहा तास हायेत."

मला केवढं बरं वाटलं होतं. माझ्या वहीचा केवढा मान!

मग मला कल्पना सुचली. आमच्या घरात ही वेळ नेहमीच धोक्याची. गाडीच्या मागच्या कॅरियरवर फवारणीची टाकी बसवायची. नाशकात द्वारका चौकाजवळच्या एका वेल्डिंगवाल्याकडून मी चौकट करून घेतली, वर दीडशे लिटरची टाकी. दादाने पाठ थोपटली. यंत्राच्या कामात माझी पाठ थोपटली जाणं — आयुष्यात ती एकच वेळ.

त्याच आठवड्यात पुस्तकाची पुढची पानं वाचताना ते पान आलं. मागच्या कॅरियरवर किती वजन चालेल, ते त्यात होतं. आकडा माझ्या भरल्या टाकीच्या निम्म्याहून कमी.

मी काय केलं? पान उलटलं. परदेशी माणसं फार जपून लिहितात, असं मनाशी म्हणालो. आणि वहीत ती ओळ लिहिली नाही.

तुम्हाला वाटेल, हाच तो गुन्हा. मलाही हाच असता तर चाललं असतं.

ऑक्टोबरच्या छाटणीनंतर फवारणी सुरू झाली. ओढ्याच्या चढावर भरल्या टाकीच्या वजनाने गाडीचं तोंड वर उचललं आणि गाडी मागे उलटली. काशिनाथवर. पाय मांडीत मोडला, खुबाही गेला. दवाखान्याच्या व्हरांड्यात दादाने विचारलं, "वजनाचं काही होतं का रे पुस्तकात?"

"होतं ना. वहीत लिहून दिलंय मी त्याला."

इतकं सहज निघालं. दादा म्हणाला, "वही बघतो उद्या." म्हणून त्याच्या आधी मी मळ्यावर गेलो. शेडमध्ये खुंटीला वही होती. नट आवळायच्या ओळीखाली बोटभर जागा होती. त्याच निळ्या पेनाने लिहिलं — मागे साठ लिटरच्या वर भरू नये. अक्षर बिघडलं असेल म्हणता? नाही. अक्षर सुरेख आलं.

दुसऱ्या दिवशी दवाखान्यात दादाने वही काशिनाथपुढे उघडून धरली. काशिनाथने त्या ओळीवरून बोट फिरवलं. परत पहिल्यापासून फिरवलं. मग माझ्याकडे बघितलं. त्याला वही पाठ होती — हे त्या खोलीत त्याच्याइतकंच मलाही माहीत होतं. आता बोलेल, मी मनात म्हटलं. बोलला असता तर मी कबूल केलं असतं का? कुणास ठाऊक. त्याने तशी वेळच येऊ दिली नाही.

"भाऊ, तुमी लिवलं आन् माझ्या ध्यानातच नाय. चुकलं माझं."

पाय सांधला, पण आखूड राहिला. दादाने त्याला राहा म्हटलं, पंपावर बस, मोटर चालू-बंद कर. तो नको म्हणाला. आपल्या डोक्याचा आता भरवसा नाय, म्हणाला. आणि गावी गेला.

पाच वर्षांनी दादाच्या मुलीच्या लग्नाची पत्रिका द्यायला मी पेठकडे त्याच्या घरी गेलो. तो पडवीत बसला होता, काठी शेजारी. त्याची बायको चहा ठेवता ठेवता सांगत होती, "चूल इजवली का, कडी घातली का, धा येळा इचारत्यात. बैलाला पाणी पाजून आनत्यात, नि परत घेऊन जात्यात. बैल बी कटाळला आता."

ती हसली. मीही हसलो, सवयीने. काशिनाथ हसला नाही.

"भाऊ, तुमी शिकलेले. खरं सांगा. माझं डोकं त्या टायमापासून असं झालं, का आधीपासूनच असं होतं?"

पडवीत आम्ही तिघंच होतो. वही नव्हती, दादा नव्हता, मला अडवणारं कुणीही नव्हतं. मी चहाचा घोट घेतला.

"वयानं होतं असं, काशिनाथ," मी म्हणालो.

तो तेव्हा पंचेचाळीसचा होता.