‘मर्यादेत’ भावोजी

थोरल्या ताईचे यजमान, म्हणजे आमचे भावोजी, पाणी तपासणाऱ्या खात्यात साहेब आहेत. साहेब म्हणजे काय, तर खुर्ची उबवायची आणि एकच शब्द बोलायचा, “मर्यादेत!”

तव्याला अन्न चिकटू नये म्हणून जो लेप लावतात, त्याच्या कारखान्याचं सांडपाणी आमच्या नदीत येतं, आणि नदीचंच पाणी आमच्या नळाला. त्यातलं रसायन कुजत नाही, विरत नाही. माणसाच्या अंगात मात्र कायमचा मुक्काम ठोकतं. लोक बाटलीत नळाचं पाणी भरून तक्रारीला जायचे. भावोजी बाटलीकडे ढुंकूनही न बघता म्हणायचे, “मर्यादेत आहे.” पुढे रसायन फारच वाढलं, तेव्हा या शहाण्यांनी कारखाना नाही आवरला, पाण्यात ते किती चालेल याची सरकारी मर्यादाच वाढवून घेतली. वर घरी येऊन मिरवले, जसा काही मोठा तीरच मारला! गल्लीनं त्यांचं नावच ‘मर्यादेत’ पाडलं, तर तोही त्यांना मान वाटला.

परवा ताईच्या रक्ताचा रिपोर्ट आला. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, “तेच रसायन आहे, मर्यादेच्या कितीतरी वर.” ताईनं माझा हात घट्ट धरला.

भावोजींनी चष्मा पुसला आणि सवयीनं, अगदी साहेबी आवाजात विचारलं, “मग मर्यादा किती करायची म्हणता?”