डावीकडचा आवाज

आमच्या ह्यांना सगळी गॅरेजची गल्ली कानसेन म्हणते. गाडी दाराशी येऊन थांबायच्या आत हे तिचं दुखणं सांगायचे. "बेअरिंग गेलंय, उतरू नकोस, तशीच आत घे." त्या नावाचा ह्यांना भारी तोरा. घरात मी मिक्सर लावला तरी बाहेरच्या खोलीतून ओरडायचे, "भांडं नीट बसलेलं नाही!" बसलेलं नसायचंच, म्हणून मला आणखी राग यायचा.

पण वर्षभरापासून काहीतरी बिनसलं होतं. ह्यांनी झोपायची बाजू बदलली. रस्त्याने चालताना मला दंडाला धरून उजवीकडे घ्यायला लागले. डावीकडून काही विचारलं की नुसती मान हलवायची. भाजी खारट झालीय का, याला मान हलवणाऱ्या माणसाचं काय करायचं? मी काय समजायचं ते समजले. एकदा डॉक्टरांचं नाव काढलं तर उसळले, "माझ्या कानाला डॉक्टर? उद्या माशाला पोहायला शिकव!" मग मीही पुन्हा ते नाव काढलं नाही. झाकली मूठ आपल्याच नवऱ्याची, ती आपण कशाला उघडायची?

अशात आमच्या थोरल्या लेकीची पिकअप दुखायला लागली. थोरली रोपवाटिकेची रोपं पोचवायचं काम करते. चाक खड्ड्यात गेलं की मागून खडाक्, वर आलं की पुन्हा खडाक्. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी कुंड्यांचा भार घेऊन तिला डोंगरापलीकडे जायचं होतं.

मी गॅरेजवर डबा घेऊन गेले तेव्हा ह्यांचं डोकं ठिकाणावर नव्हतं. गाडीच्या मागच्या हौद्यातला जॅक, स्टेपनी, साखळी, सगळं खाली काढून झालं होतं, कारण निम्मे आवाज सामानाचेच असतात म्हणे. आवाज राहिलाच. मग "उजवीकडचा आहे," म्हणून उजव्या पाट्यांचे, म्हणजे चाकावरच्या स्प्रिंगच्या पट्ट्यांचे, बुश बदलले. आवाज तसाच. उजवा शॉक-ॲब्सॉर्बर बदलला. तरी तसाच. थोरली गाडी फिरवून आत आली आणि मी फाटकाशी उभी राहून ऐकलं. आवाज डावीकडून येत होता, मिक्सरचं भांडंही नीट न बसवणाऱ्या बाईला कळावं इतका स्वच्छ. एकच कान राहिलेल्या माणसाला सगळे आवाज त्याच बाजूने येतात, हे मला तिथे कळलं.

थोरली म्हणाली, "बाबा, जाऊ दे ना. नुसता आवाजच तर आहे. उद्या अशीच नेते."

"नुसता आवाज?" हे केवढ्याने तरी ओरडले. पाना उचलला, ठेवला. गाडीखाली शिरले, बाहेर आले. डबा उघडला आणि तसाच बंद केला. मलाही बसवेना. बोलावं तर चार मेकॅनिकांसमोर ह्यांची लाज जाणार, न बोलावं तर लेक डोंगरात. जाऊ दे ती लाज, म्हणून मी "अहो" म्हणत पुढे झाले, तर हेच समोर आले.

"अगं, हौद्यात चढ."

"मी?"

"माझ्याशेजारी आडवी हो. डावीकडे." वर्षभरात पहिल्यांदा मला डावीकडे बोलावलं. नजर मात्र माझ्याकडे नव्हती. "आवाज ज्या बाजूने येईल, त्या बाजूचा माझा खांदा दाब."

थोरली मागच्या मैदानात गाडी हळूहळू फिरवायला लागली. आम्ही दोघं तापलेल्या पत्र्यावर आभाळाकडे तोंड करून पडलो. फिरायला नेत नाहीत म्हणून जन्मभर कुरकुरले, तर नेलं ते असं! खडाक्. मी डावा खांदा दाबला. खडाक्. पुन्हा डावा.

"नक्की?"

"नक्की."

ह्यांनी डोळे मिटून घेतले. मला रडूच आलं, पण हात मी खांद्यावरून काढला नाही.

डावीकडचे पाटे एकत्र धरून ठेवणारा मधला बोल्ट तुटला होता. भरल्या गाडीने चढ घेतला असता तर मागची चाकं धरणारा ॲक्सलच जागचा सरकला असता. ह्यांनी नवा बोल्ट बसवला आणि तुटका तुकडा थोरलीच्या हातावर ठेवला. "माझा डावा कान गेलाय," म्हणाले. सवयीने मोठ्याने म्हणाले, त्यामुळे सगळ्या गॅरेजने ऐकलं. कोणी हसलं नाही.

दुसऱ्या दिवशी जेवायच्या वेळेला मी डबा घेऊन गॅरेजवर पोचले, तोच डोंगरापलीकडून थोरलीचा फोन आला. कुंड्या उतरवून झाल्या होत्या. "फोन मागे हौद्यात ठेव आणि गाडी खड्ड्यातून काढ," ह्यांनी फर्मावलं. आम्ही दोघं फोनवर वाकून बसलो. इंजिनाची घरघर, खाली दगडांची करकर.

"मला काही ऐकू येत नाही," हे म्हणाले. पूर्वी एवढ्यावर निकाल लागायचा. आता माझ्याकडे वळले. "तुला?"

"मलाही नाही," मी ह्यांच्या उजव्या कानात सांगितलं, तेव्हा कुठे ह्यांनी डबा उघडला.