पाटापर्यंत उजेड

दोन हजार तेवीस साल. मला एकाहत्तरावं लागलं होतं आणि त्या वयात मी घर बांधायला काढलं. लोक म्हणाले, आता कशाला. मी म्हटलं, पैसा माझा, पाठ माझी, तुम्हाला काय त्रास? शिवाय बाहेरचा माणूस शोधायला नको होता. मुलगा आर्किटेक्ट, सून इंटिरिअरचं काम करते. मुलाचं ऑफिस राजारामपुरीत जिना चढून, सुनेचं ताराबाई पार्कात दोन खोल्यांत. सकाळी एकाच गाडीतून निघायचे आणि वेगवेगळ्या दारांत उतरायचे.

माझी शाळा चौथीपर्यंत. आमचं मूळ गाव शिरोळकडचं, घरी ऊस. शेतात मन रमलं नाही म्हणून कोल्हापुरात आलो आणि लाकडाच्या वखारीत जन्म काढला. आधी दुसऱ्याच्या, मग स्वतःच्या. सागवान हाताला लागलं की त्याचं वय सांगायचो. आता गिऱ्हाईक प्लायवुड मागतं आणि वखारीत सागवान नुसतं रचून पडलेलं असतं. तरी मी रोज जायचो. गादीवर बसायचो, पेपर वाचायचो, दुपारी घरी यायचो. वखार मोठी, वर उंच पत्रा, पुढं रस्ता.

एका रविवारी सुनेनं विषय काढला. ती इचलकरंजीची, माहेरी माग. मागाच्या खडखडाटात वाढलेली पोरगी, त्यामुळं बोलते मोठ्यानं आणि सरळ.

"मामा, आम्ही दोघं एकाच ठिकाणी काम करायचं म्हणतोय. घर बांधणाऱ्यानं आधी याच्याकडं जायचं, मग माझ्याकडं यायचं, हे काही खरं नाही. भिंतीपासून कपाटापर्यंत सगळं एका टेबलावर झालं पाहिजे. पण त्याला जागा मोठी लागते."

जागा म्हणजे कुठली, ते तिनं सांगायची गरज नव्हती. मुलगा ताटाकडं बघत बसला होता. त्याचंही तेच म्हणणं होतं, पण मला सांगायची छाती तिची.

मी म्हटलं, "हे बघ पोरी. गवंडी हाय तवर सुतार जागेवर येत न्हाय. का? दोघं एकदम आले की भांडान. त्यो म्हणतो चौकट वाकडी, ह्यो म्हणतो भिंत वाकडी. आन् मालक मधी उभा. बांधायचं काम येगळं, सजवायचं काम येगळं. देवानंच येगळं केलंय."

"देवानं कुठं केलंय? वखारवाल्यांनी केलंय," ती म्हणाली.

बायकोनं पदर तोंडाला लावला. मला राग आला नाही असं नाही, पण बोलणं जिव्हारी लागलं की मी पैज मारतो, ही माझी जुनी खोड. मी म्हटलं, "ठीक हाय. माझं घर माझ्या पद्धतीनं करायचं. त्यो नकाशा काढंल आन् बांधंल. गिलावा वाळल्याशिवाय तू माप घ्यायला यायचं न्हाय. त्याचा नकाशासुदिक बघायचा न्हाय. मग तू सजव. घरात एक खोट काढून दावा, वखार तुमची. न्हाय निघाली तर हा विषय परत काढायचा न्हाय."

"बघा हं मामा," सून म्हणाली.

"बघितलंय," मी म्हटलं.

दोघांनी शब्द पाळला. घर उभं राहिलं आणि खरं सांगतो, देखणं झालं. पश्चिमेचं ऊन दुपारनंतर घर तापवतं म्हणून मुलानं त्या बाजूला जिना घेतला आणि जिन्याला भिंत घातली. उन्हाळ्यात आत शिरलं की गार वाटायचं. गिलावा वाळल्यावर सून टेप घेऊन आली. मी दारातच उभा होतो, ती काही बोलते का बघायला. जेवणाच्या जागेवर मात्र ती बराच वेळ उभी राहिली, एकदा वर बघितलं, एकदा जिन्याच्या भिंतीकडं, आणि माप लिहून घेऊन गेली. नंतर तिनं त्या जागी छतात असे दिवे बसवले की बटण दाबलं की दिवाळी. माझ्यासाठी सागवानी चौरंग आणि पाट करून घेतला, कारण मी टेबलावर जेवत नाही. मांडी घातल्याशिवाय मला घास उतरत नाही.

कार्तिकात घराची वास्तू झाली. पाहुणे जेवून गेले, प्रत्येकानं घर फिरून बघितलं. मी मुलाला म्हटलं, "बघ, कुठं खोट हाय?" तो हसला. मी जिंकलो होतो.

मग दिवस लहान झाले.

आता आमच्या घरची रीत सांगायला पाहिजे. आम्ही जैन. दिवस बुडायच्या आत जेवायचं हे बऱ्याच जणांना माहीत असतं. पण आमच्या आईचा नियम त्याच्याही पुढचा होता. ती म्हणायची, ताटातला दाणा दिव्यावाचून दिसला पाहिजे. दिवा लावावा लागला की रात्र झाली. घड्याळ काय का म्हणेना. अंधारात ताटात किडामुंगी पडली तर ती कशी दिसणार? लहानपणी पावसाळ्यात आभाळ दाटून आलं की ती आम्हाला चार वाजताच ताटावर बसवायची. मी बाकी फार काही पाळतो असं नाही, पण हे पाळलं. गावाला गेलो, लग्नाला गेलो, दवाखान्यात पडलो, तरी पाळलं.

मार्गशीर्षात एका संध्याकाळी मी पाटावर बसलो. बाहेर चांगलं ऊन होतं. बायकोनं ताट वाढलं आणि सवयीनं बटण दाबलं.

"बंद कर," मी म्हटलं.

तिनं बंद केलं. ताटात आमटी कुठली आणि भाजी कुठली ते वासावरून ओळखावं लागलं. पश्चिमेला जिना, त्याची भिंत, उत्तरेच्या खिडकीबाहेर शेजाऱ्याची माडी. बाहेर दिवस होता आणि माझ्या ताटात रात्र झाली होती.

मी ताट उचललं आणि पुढच्या पायरीवर जाऊन बसलो.

"अवो, काय झालं?" बायको दारात आली.

"काय न्हाय. जरा हवंला बसतोय."

दुसऱ्या दिवशीही हवेला बसलो. तिसऱ्या दिवशी बायकोनं विचारलंच नाही, पाट उचलून पायरीवर ठेवला. शेजारचा एस.टी.तून रिटायर झालेला ड्रायव्हर रोज त्याच वेळेला कुत्रं फिरवायला निघायचा. फाटकाशी थांबून म्हणाला, "काय पावणं, सासुरवाडीला आलाय व्हय? घर बांधलं येवढं मोठं आन् जेवायला भाईर?"

"घर बघत जेवतोय," मी म्हटलं. "तुमच्यासारखं कुत्रं बघत न्हाय."

तो हसत पुढं गेला. पण मला कळत होतं. घरात खोट निघाली होती आणि ती मीच रोज संध्याकाळी पायरीवर मांडून बसत होतो. मुलगा ऑफिसातून लवकर आला की गाडी लावताना माझ्याकडं बघायचा आणि खाली मान घालून आत जायचा. त्याला त्याची भिंत टोचत होती. सुनेनं एका शब्दानं विषय काढला नाही. तिनं खोट दाखवली असती तर मी भांडलो असतो. म्हटलं असतं, खोट घरात नाही, ऋतूत आहे. ती गप्प होती, म्हणून मला भांडायलाही कोणी नव्हतं.

बायको मात्र एकदा बोलली. "पोरांना वखार द्यायची न्हाय म्हणून थंडीत बसताय. बसा. सर्दी झाली की काढा मीच करणार हाय की."

"पैज पैज असती," मी म्हटलं.

"तेच म्हणतेय मी," ती म्हणाली.

एका संध्याकाळी जेवण झाल्यावर ताट घेऊन आत आलो, तर दोघं जेवणाच्या जागेवर. दिवा लावला नव्हता. सून माझ्या जागेवर फरशीवर मांडी घालून बसली होती आणि मुलगा जिन्याच्या भिंतीवर बोटाच्या गाठीनं ठोकत होता.

"ही चार इंची आहे, काढता येईल," तो म्हणत होता. "वरचं वजन सगळं बीमवर आहे. आणि बाहेरच्या भिंतीत खिडकी घेतो, नेहमीच्या उंचीला."

"उपयोग नाही."

"का?"

"इथं बसून बघ." तिनं त्याला हाताला धरून खाली बसवलं. "नेहमीच्या उंचीला म्हणजे तीन फूट. ते टेबलावर जेवणाऱ्याला. मामांचं ताट जमिनीपासून वीतभर वर असतं. तुझ्या खिडकीचा उजेड त्यांच्या टोपीवरनं समोरच्या भिंतीवर जाणार. भिंत जेवणार आहे का?"

मुलगा बसल्या बसल्या मान वाकवून बघत राहिला. मग म्हणाला, "जिन्याच्या टप्प्याखाली खिडकी घेतली तर? अगदी जमिनीलगत?"

"तिथं माझं इन्व्हर्टरचं कपाट आहे."

"मग?"

"मग काय, काढते की. तू तुझी भिंत फोड, मी माझं कपाट फोडते." ती हसली. "आधी विचारलं असतंस तर दोन्ही वाचलं असतं."

"आधी विचारायचं नव्हतं," तो म्हणाला.

मग त्यांना मी दिसलो. मुलगा चटकन उठला. मी ताट धरून उभा.

"काय चाललंय?"

"काही नाही मामा," सून म्हणाली. "उजेड शोधतोय."

स्वयंपाकघरातून बायको म्हणाली, "आत्ता तर वास्तू झाली. लगेच भिंत फोडायची?"

मी म्हटलं, "फोडू दे. माझं घर हाय." आणि मुलाकडं वळून म्हटलं, "पर दोघांनी जाग्यावर उभं ऱ्हाऊन करून घ्यायचं. मला धुरळा नको आन् भांडान नको."

पुढच्या आठवड्यात गवंडी आणि सुतार एकाच वेळेला माझ्या घरात आले. मी वखारीत गेलो नाही. खुर्ची टाकून बसलो. कुठं बिनसतं ते मला माहीत होतं. खिडकीचं भोक पाडताना आत एक बीम आडवा निघाला आणि भोक मापापेक्षा दोन बोटं कमी पडत होतं. चौकट तर तयार होऊन आली होती. सुतार म्हणाला, चौकट कापणार नाही. गवंडी म्हणाला, बीम कापू का मग? आजवर मी हजार जागी हेच बघितलंय. इथून पुढं गवंडी साहेबांना फोन लावतो, सुतार मॅडमना लावतो, साहेब मीटिंगमध्ये असतात, मॅडम उद्या येते म्हणतात आणि माणसं तंबाखू मळत बसतात.

इथं साहेब आणि मॅडम दोघं त्या भोकाजवळ गुडघ्यावर बसले होते. मुलानं खडूनं भिंतीवर रेघ मारली. सुनेनं ती पुसून जरा खाली दुसरी मारली. मुलगा म्हणाला, पाणी आत येईल. ती म्हणाली, मग बाहेरून दगडाचा उंबरा घे, चौकट मी आत सरकवते. तो म्हणाला, चालेल. सुतारानं चौकट उचलली, गवंड्यानं छिन्नी उचलली. माझा चहा अजून गरम होता.



भिंतीच्या जागी सागवानाच्या उभ्या पट्ट्या आल्या. सागवान माझ्याच वखारीतलं, मीच निवडून दिलं. प्लायवुड लावलं असतं तर मी परत पायरीवर गेलो असतो. काम झाल्यावर सगळं पुसून घेतलं आणि त्या संध्याकाळी बायकोनं पाट आत मांडला.

मी बसलो. सगळे आपापल्या कामात असल्यासारखं दाखवत होते. पश्चिमेला मोकळा प्लॉट आहे आणि त्याच्यापलीकडं ऊस. उसाच्या तुऱ्यांवरनं ऊन खिडकीतून आत आलं, जिन्याखालनं सरपटत पट्ट्यांमधनं फरशीवर आलं, आणि माझ्या पाटाशी येऊन थांबलं. भाकरीवरचे करपलेले ठिपके दिसत होते. आमटीवरची तेलाची वेटोळी दिसत होती. मिठाचा खडा दिसला. मी सावकाश जेवलो. दुसरी भाकरी मागून घेतली.

ती वाढायला सून आली. भाकरी ठेवून ती सरळ झाली आणि खिडकीकडं बघत उभी राहिली. मला वाटलं, आता विचारेल. विचारलं नाही. बायकोला मात्र राहवलं नाही.

"आता तरी म्हणा, खोट हुती म्हणून."

"खोट न्हवती," मी म्हटलं. "काम अर्धं ऱ्हायलं हुतं. एकानं केलं म्हणून अर्धं झालं."

मुलगा जिन्यावर बसला होता. तिथनं त्यानं सुनेकडं बघितलं. मी जेवण संपवलं, ताटात पाणी घालून प्यालो, आणि उठलो तेव्हा बाहेर दिवस मावळायचा होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी वखार उघडली, हमालांना बोलावलं आणि रस्त्याच्या बाजूला रचलेलं सगळं सागवान मागच्या शेडमध्ये हलवायला लावलं. उन्हं पत्र्यावर येईपर्यंत पुढची निम्मी जागा मोकळी झाली होती. मग झाडू घेऊन भुसा मी स्वतः झाडला.