आण्णांच्या घरात डॉल्बी

आमच्या गावात चंदनबाला बाईंना नाही म्हणायची कुणाची टाप नाही. चौतीस वर्षं त्यांनी मराठी शाळेत शिकवलं. निम्मं गाव त्यांच्या हाताखालून गेलंय. मीही. आता माझी चाळिशी उलटलीय, तासगावात टीव्ही-स्पीकरचं दुकान आहे, तरी बाईंचा फोन आला की मी उभा राहूनच बोलतो.

"अर्जुना, होम थिएटर बसवायचंय. वही घेऊन ये."

लोक मोबाइलवर खोलीचे फोटो पाठवतात आणि बाईंना वही पाहिजे! गेलो घेऊन.

त्यांचे यजमान सुकुमार आण्णा म्हणजे द्राक्षबागायतदार, माजी सरपंच आणि पक्के सिनेमावेडे. तरुणपणी बेदाणा घेऊन सांगलीला गेले की दोन खेळ बघितल्याशिवाय परतायचे नाहीत. सात वर्षांपूर्वी काचबिंदूनं त्यांची दृष्टी गेली. मग बाई शेजारी बसून सिनेमा सांगू लागल्या. आता तो उठला, आता ती रडतेय, आता चिठ्ठी वाचतोय. पण बाईंचं सांगणं म्हणजे धडा शिकवणं. एक प्रसंग सांगून होईतो तीन पुढं गेलेले असायचे, शिवाय बाईंच्या आवाजात मूळचं बोलणं ऐकूच यायचं नाही. शेवटी आण्णा म्हणाले, "बंद कर ते. माझ्यापायी तुझाबी सिनेमा बुडतोय." त्यालाही वर्ष झालं. तेव्हापासून आण्णा संध्याकाळी भिंतीला टेकून नुसते बसून राहायचे, आणि ते बाईंना बघवत नव्हतं.

"त्यांना त्यांचा सिनेमा परत मिळाला पाहिजे," बाईंनी मला सरळ सांगितलं. "कोण कुठनं येतंय, कुठं जातंय, ते कानाला कळलं पाहिजे. जमेल?"

जागा ठरली बेदाणा ठेवायची मागची खोली. मी सवयीनं टीव्हीची भिंत मोजायला लागलो, तर बाई कडाडल्या, "टीव्ही काय मोजतोस? त्यांना त्याचा काय उपयोग? आधी खुर्ची ठेव." खुर्ची मधोमध ठेवली, बाईंनी तिच्याभोवती खडूनं रेघ मारली आणि सगळी मापं त्या खुर्चीपासून वहीत लिहिली. खोलीत आवाज फार घुमायचा, म्हणून भिंतींवर चार जाड वाकळा टांगल्या. मी फोम लावू म्हणालो, तर त्यांनी माझ्याकडं असं बघितलं की पुन्हा तो विषय काढला नाही. मग पदर डोळ्यांवर ओढून त्या स्वतः खुर्चीत बसल्या, आणि मी मागचा स्पीकर वीत-वीत सरकवत राहिलो.

"अजून मागं. थोडा खाली. हां, आता माझ्या खांद्यामागं कुणीतरी उभं आहे. तिथंच ठोक."

शेकडो घरांत सिस्टिम बसवल्या असतील मी. इतक्या मायेनं जागा शोधणारं गिऱ्हाईक दुसरं भेटलं नाही.

घोटाळा केला तो रिकाम्या खोक्यानं. आमच्या भागात डॉल्बी म्हणजे मिरवणुकीत ट्रॅक्टरवर रचलेली स्पीकरची भिंत. तिच्यानं छाती हादरते आणि म्हातारी माणसं दारं लावून घेतात. नेमका तोच शब्द खोक्यावर ठळक छापलेला. शेजारच्या राहीबाईंनी तो वाचला आणि दुपारपर्यंत गावभर झालं, आण्णांच्या घरात डॉल्बी आला! आता गंमत अशी, की शाळेच्या काचा तडकल्यावर गावात डॉल्बीबंदीचा ठराव मांडला होता तो सरपंच असताना आण्णांनीच. आणि बाईंनी त्यांना खोलीची डागडुजी चाललीय, एवढंच सांगितलेलं.

आण्णा डेअरीवरनं काठी आपटत आले आणि उंबऱ्याबाहेरच थांबले.

"ठराव माझा, सही माझी, आन् डॉल्बी माझ्याच घरात? मी आत येनार न्हाई."

"आवं, तो डॉल्बी नव्हे हो."

"राहीबाईनं वाचलंय. ती काय खोटं वाचतीया व्हय?"

मी म्हणालो, आण्णा, हे नुसतं आवाजाच्या पद्धतीचं नाव आहे. तर म्हणाले, "तू गप रं! तुझं दुकान हाय, तू डॉल्बीचीच बाजू घेनार."

बाई पायरीवर मटकन बसल्या. "महिनाभर खपले हो मी," एवढंच म्हणाल्या. त्यांचा आवाज असा कापलेला मी कधी ऐकला नव्हता. मला वाईट वाटलं, आणि खरं सांगायचं तर आण्णांचा रागही आला. मी आत जाऊन मागचा एक स्पीकर काढून आणला आणि त्यांच्या हातात दिला.

आण्णांनी तो चारी बाजूंनी चाचपला. "ह्यो? एवढासा? अगं, ह्यो तर तुपाचा डबा हाय!"

"असे पाच आहेत," बाई म्हणाल्या. "आणि एक थोरला."

"पाच मिन्टं बसंन," आण्णा म्हणाले. "त्याच्यावर न्हाई."

त्या दिवशी, घरच्या रिवाजाप्रमाणे दिवस मावळायच्या आत जेवणं उरकून, दोघं खोलीत आले. मी काढलेला स्पीकर पुन्हा जागेवर ठोकून एक नवा रहस्यपट लावला. सुरुवातीला आण्णांचा चेहरा आंबटच. पडद्यावर एक बाई एकटीच स्वयंपाक करत होती. घरात कुठंतरी खुट्ट झालं आणि आमच्या बाईंची जुनी सवय उसळली.

"हं, आता कुणीतरी—"

"जिना उतरतंय," आण्णा म्हणाले. त्यांची मान डावीकडं मागं वळली होती. "पायात चप्पल न्हाई. आन् एक पाय वढतोय."

मी पडद्याकडं बघितलं. तिथं नुसता त्या बाईचा चेहरा. ना जिना, ना माणूस. पाच-सहा सेकंदांनी कॅमेरा वळला, आणि दिसले दोन अनवाणी पाय. एक फरफटत येणारा.

माझ्या अंगावर काटा आला. चंदनबाला बाई तोंडाला पदर लावून हसत होत्या आणि डोळ्यांतून धारा लागल्या होत्या. आण्णांचं आमच्याकडं लक्षच नव्हतं.

"आता कुठं गेला हो तो?" बाईंनी हळूच विचारलं.

"तुझ्या उजव्या अंगाला, दाराआड हुबा हाय," आण्णा म्हणाले. "तू बघ निवांत. मी सांगतो."