अभ्यासासाठी राखीव तण

निवृत्त झाल्यावर हेडक्लार्क साहेबांना हुकूम सोडायला कोणी उरलं नाही. बायको ऐकून घ्यायची, पण ऐकायची नाही. शहराबाहेरच्या रानफुलांच्या राखीव माळावर तण काढायला स्वयंसेवक हवेत असं कळलं, आणि दर रविवारी साहेब तिकडे जाऊ लागले. वयाने सगळ्यांत मोठे, म्हणून टोळीप्रमुख झाले. गळ्यात शिट्टी आली. चांगली शिकलीसवरलेली माणसं त्यांच्या शिट्टीवर वाकत आणि शिट्टीवरच पाणी पीत. इतकं सुख त्यांना कचेरीतही मिळालं नव्हतं.

तण बाहेरून आलेलं आणि महाचिवट, रानफुलांना डोकं वर काढू देत नव्हतं. साहेबांनी त्याच्याशी उभं वैर धरलं. "मुळासकट! नुसते शेंडे खुडायला ही काय भाजी आहे?" काही हंगामांत माळ जवळजवळ साफ झाला.

घात झाला तो इथेच. माळाची देखरेख करणाऱ्या बाई रजेवर जाता जाता खुशीत म्हणाल्या, "साहेब, पंपघरामागचा तुकडा तेवढा राहिलाय. तो उरकला की टोळी बंद. सुटलात तुम्ही!"

सुटायचं होतं कोणाला? हातावेगळी झालेली फाइल आपल्या टेबलावर राहत नाही, हे साहेबांना नोकरीनं शिकवलं होतं. त्यांनी पंपघरामागे सुतळी बांधली आणि पाटी लावली: 'अभ्यासासाठी राखीव.'

पाटी म्हटल्यावर कोणी शंका काढली नाही. टोळी उरलेल्या माळावर नसलेलं तण शोधत फिरू लागली. टोळीतल्या तरुण बेकरीवाल्याने मात्र विचारलंच.

"काका, अभ्यास करतंय कोण?"

"चालू आहे."

"तुरे आलेत त्याला."

"तेच तर बघायचंय!"

बाई रजेवरून परतल्या. त्यांनी पाटी वाचली, तुरे पाहिले आणि शांतपणे म्हणाल्या, "झाला अभ्यास. उपटा."

साऱ्या टोळीदेखत साहेब वाकले. कामात कसूर करणं त्यांना जमत नसे, म्हणून चांगला जोर लावून उपटलं. पहिल्याच हिसक्याला पिकलेले तुरे फुटले. बियांच्या पांढऱ्या म्हाताऱ्या थव्याने उठल्या आणि वाऱ्यावर तरंगत साफ केलेल्या माळभर निवांत उतरल्या. बाईंनी हात पुढे केला. साहेबांनी गळ्यातली शिट्टी काढून दिली. बाईंनी ती तिथल्या तिथे बेकरीवाल्याला दिली.

घरी बायकोने सगळं ऐकून घेतलं. "म्हणजे रविवारी आता तुम्ही घरीच?" तिच्या आवाजात खरीखुरी काळजी होती.

"छे! जावंच लागेल," बूट काढत साहेब म्हणाले. "माळभर काम पडलंय."

"दुसऱ्याच्या हाताखाली?"

"पोरगा बरा आहे गं. पण हुकूम सोडता येत नाही त्याला. शिकवावं लागेल."