जांभळ्या झाकणाची नळी

लॅबमध्ये तिला सगळे काचबाई म्हणत. चेष्टेनं ठेवलेलं नाव, पण ती त्यावर खूष होती. बावीस वर्षं लोकांचं रक्त काढण्यात आणि तपासण्यात गेली होती. रक्तपेशी मोजणारं मशीन आलं तेव्हा बाकीच्यांनी हुश्श केलं, हिचं मात्र पालुपद एकच: मशीन मोजतं, बघत नाही. आकडा विचित्र वाटला की रक्ताचा थेंब काचपट्टीवर ओढायचा, रंगवायचा आणि आपल्या डोळ्यांनी पाहायचा. नव्यानं लागलेल्या मुलीनं कंटाळा केला की काचबाई म्हणे, "डोळे काय नुसते काजळ घालायला दिलेत?"

तिच्या लेकीला शिकायला परगावी जायचं होतं. हॉस्टेलच्या फॉर्मवर फक्त रक्तगट हवा होता. सकाळी निघताना काचबाईनं घरीच तिचं रक्त काढून आणलं, आणि नळी हातात आहेच तर हातासरशी पेशीही मोजून घेऊ, म्हणून ती मशीनला लावली. पोरीला ना ताप, ना थकवा, खाऊनपिऊन टुणटुणीत. धडधाकट माणसं तपासण्यांची लांबलचक यादी घेऊन आली की हीच त्यांना समजवायची, उगाच शोधायला जाल तर काहीतरी सापडेलच. दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा.

प्लेटलेट आल्या एकोणीस हजार.

जखम झाल्यावर रक्त थांबवतात त्या या पेशी. दीड लाख तरी हव्यात. वीस हजारांखाली आकडा आला की पेशंटच्या घरी ताबडतोब फोन करायचा, असा लॅबचा नियम. तिनं सवयीनं नोंदवहीतल्या नंबरावर बोट ठेवलं. नंबर तिचाच होता.

मागच्या आठवड्यात टेबलाचा कोपरा लागून लेकीच्या मांडीवर काळंनिळं झालं होतं. आंधळ्यासारखी चालतेस, म्हणून ही वर ओरडली होती. तो डाग आता तिच्या डोळ्यांपुढे वाढत चालला. तिनं नवऱ्याला फोन लावला आणि पोरीच्या हिरड्यांतून रक्त येतंय का, ते बघायला सांगितलं. तो म्हणाला, ती आरशासमोर गाणी म्हणतेय, तिला काही झालेलं नाही, तुझ्या मशीनलाच काहीतरी झालं असेल. नेमकं हेच तिला ऐकायचं होतं, म्हणूनच तिचा त्यावर विश्वास बसेना.

थेंब काचेवर ओढायच्या घाईत पहिली पट्टी वाया गेली. दुसरी रंगवली, वाळवली, तेलाचा थेंब टाकून सूक्ष्मदर्शकाखाली धरली. शेवटाकडे रक्ताचा थर पातळ होतो, तिथे जांभळ्या ठिपक्यांचे पुंजके दिसले. प्लेटलेट एकमेकींना चिकटल्या होत्या. दिसले, की दिसावेसे वाटले? बावीस वर्षांत पहिल्यांदाच तिला स्वतःच्या डोळ्यांची खात्री वाटेना.

तिनं नव्या मुलीला हाक मारली. पट्टी कुणाची, ते सांगितलं नाही.

मुलगी बसली. चाक फिरवलं, पट्टी सरकवली, पुन्हा मागे आणली. एरवी हिच्या चेंगटपणावर काचबाई खेकसली असती. आज ती टेबलाची कड धरून उभी राहिली.

"ताई, आकडा किती आलाय?"

"तू आकडा विचारू नकोस. काय दिसतंय ते सांग."

"गुठळ्या आहेत. शेवटाकडे ढिगानं. मशीनला त्या मोजताच आल्या नसणार." मग मान वर करून ती म्हणाली, "ताई, तुम्ही बसा आधी. कुणाचं आहे हे?"

जांभळ्या झाकणाच्या नळीत रक्त गोठू नये म्हणून औषध असतं. क्वचित एखाद्याच्या रक्तात त्याच औषधानं प्लेटलेट चिकटतात. काचबाईनं हे दहा जणांना शिकवलं होतं. तरीही पुन्हा मोजून बघेपर्यंत तिच्या जिवात जीव येईना. लेकीला बोलावून घेतलं. निळ्या झाकणाच्या, वेगळ्या औषधाच्या नळीत रक्त घ्यायचं होतं, पण काचबाईला शीरच सापडेना. शेवटी सुई नव्या मुलीनं लावली.

"तुला मला टोचायला निमित्तच लागतं," लेक म्हणाली.

दोन लाख चौदा हजार. तीही पट्टी दोघींनी आळीपाळीनं पाहिली. गुठळी एकही नव्हती.

काचबाईनं फॉर्मवर रक्तगट तेवढा लिहिला. मग एक कोरं कार्ड घेतलं आणि ठसठशीत अक्षरांत लिहिलं: जांभळ्या नळीत हिच्या प्लेटलेट चिकटतात, काच बघितल्याशिवाय आकडा धरू नये. ते तिनं लेकीच्या पाकिटात खोचलं.

"तिकडेही लॅब असतात गं आई."

"लॅब असतात," ती म्हणाली. तिथल्या मशीनपाशी काच बघणारं कुणी असेल का, हे तिनं विचारलं नाही. दुसरं कार्ड ओढलं आणि तेच पुन्हा लिहायला घेतलं. पाकीट हरवलं तर बॅगेत एक असावं.