प्रार्थनेचा विषय

बडोद्याच्या मराठी मंडळीच्या, म्हणजे चर्चच्या, रविवारच्या शब्बाथशाळेत निरुपमाबाई साळवे कितीतरी वर्षं शिकवत होत्या, आणि इतक्या वर्षांत त्यांनी बायबलातल्या एकाही माणसाला सुखानं बसू दिलं नव्हतं. दुसऱ्या बाया मुलांना अब्राहामाचा विश्वास शिकवत. निरुपमाबाई अब्राहामानं जिवाच्या भीतीनं बायकोला बहीण म्हणून कसं खपवलं ते सांगत. 'चांगुलपणा ऐकून पोरं जांभया देतात,' त्या म्हणत. 'चुका सांगा, लगेच कान टवकारतात.'

त्यांची एक खास रीत होती. गोष्ट संपली की त्या विचारत, 'हा आता बडोद्यात कुठे राहतो?' मग पोरांना चेव येई. एका आमटीच्या वाटीसाठी वडीलकीचा हक्क विकणारा एसाव आमच्या शेजारी राहतो, त्यानं भावाला खोली दिली आणि टीव्ही घेतला. फुकटच्या कपड्यांसाठी खोटं बोलणारा गेहजी मांडवीला दुकानात असतो. जळफळणारा शौल राजा पाणीगेटला राहतो, सुनेचं कौतुक झालं की जेवत नाही. पाळकसाहेबांना ही रीत फारशी पसंत नव्हती, कारण मंडळीतल्या निम्म्या घरांचे पत्ते त्या वर्गात निघत. पण बाईंपुढे बोलणार कोण?

बाई स्वतः वाडी भागातल्या एका बोळात दोन खोल्यांत राहत. आजोबा नगरकडून गायकवाडांच्या पागेत घोड्यांना नाल ठोकायला आले आणि इथलेच झाले. आई लवकर गेली. तेव्हा धाकटा मनोहर रांगत होता. निरुपमाबाईंनी त्याला कडेवर घेऊन अध्यापनाची परीक्षा दिली, नोकरी धरली, आलेली दोन स्थळं परत पाठवली आणि त्याला वाढवला. याबद्दल त्यांनी कधी कुरकुर केली नाही. फक्त, मनोहर आपला आहे, हे त्यांनी मनात असं पक्कं धरलं होतं की दुसऱ्या कुणाला त्यात वाटा असू शकतो हे त्यांच्या ध्यानातच आलं नाही.

मनोहर एका दवाखान्यात रक्त तपासायच्या कामाला लागला आणि तिथल्याच रमीला राठवा नावाच्या नर्सशी त्यानं लग्न ठरवलं. रमीला छोटा उदेपूरकडची, आदिवासी. तिचे आईवडील ख्रिस्ती झालेले, पण आजोबा-काका जुन्या देवांचेच. सोयरीक ठरवायला बाई एकदाच त्या गावी गेल्या. काकांच्या भिंतीवर रंगीत घोडे काढलेले, अंगणात कोंबड्या, आणि एका म्हाताऱ्यानं प्रेमानं पुढे केलेली ताडी. बाईंनी पदर नाकाला लावला. परतताना त्या मनोहरला म्हणाल्या, 'मुलगी गुणाची आहे,' आणि हे त्यांना खरंच वाटत होतं.

लग्न झालं, जोडपं गोत्रीला नव्या सोसायटीत राहायला गेलं. रमीला सासूच्या जागी मानून बाईंना 'मोटीबेन' म्हणे, रक्तदाब तपासायला येई, गोळ्या आणून देई. तिचं मराठी तोडकंमोडकं होतं, पण ती नेटानं बोले. तोंडावर भांडावं असं बाईंना काहीच सापडेना. आणि मनात तर खदखदत होतं.

आता हे खदखदणं बाहेर पडायला बाईंना जी वाट सापडली, ती फक्त आपल्या मंडळीतल्या बायकांनाच सापडू शकते. गुरुवारी दुपारी स्त्रियांची प्रार्थनासभा भरे, आळीपाळीनं एकेकीच्या घरी. गाणं, वचन, आणि शेवटी प्रार्थनेचे विषय. जिला अडचण असेल तिनं सांगायची आणि दुसरीनं त्यासाठी मोठ्यानं प्रार्थना करायची. कुणाचा गुडघा, कुणाच्या जावयाची बदली. चहाडी केली असं तिथं कुणी म्हणू शकत नाही. डोळे मिटलेले, हात जोडलेले, आणि शेवटी आमेन.

निरुपमाबाई हळू आवाजात विषय देऊ लागल्या. 'माझ्या भावाच्या बायकोसाठी प्रार्थना करा. तिच्या माहेरी अजून ताडी चालते.' पुढच्या वेळी, 'तिच्या काकांकडे देवाला कोंबडं देतात, तिच्या मनात ते राहू नये म्हणून.' बायका चुकचुकत आणि भक्तिभावानं कान देत. रंगाबद्दल बाईंनी अवाक्षर काढलं नाही. रमीलाला दिवस गेल्याचं कळलं तेव्हा त्या फक्त म्हणाल्या, 'बाळ कुणावर जाईल, प्रभूलाच ठाऊक.' आणि उसासा टाकला.

त्या गुरुवारी सभा बाईंच्याच घरी होती. प्रार्थना सरोजिनीबाईंकडे आली. सरोजिनीबाई मनानं साध्या, आवाजानं खणखणीत, आणि जे सांगितलं ते एका अक्षरानं न गाळता प्रभूपुढे ठेवणाऱ्या. त्यांनी सुरुवात केली. 'हे प्रभू, आमच्या मनोहरच्या घराकडे पाहा. त्याची बायको जंगलातल्या लोकांतून आली आहे, तिच्या घरची ताडी सुटू दे. आणि पोटातलं लेकरू, प्रभू, बापावर जाऊ दे. बापाचा रंग, बापाचं रूप त्याला दे, म्हणजे आमच्या निरुपमाबाईंना चारचौघांत खाली मान घालावी लागणार नाही.'

बाईंचा एक डोळा किलकिला उघडा होता. दारात रमीला उभी होती. ड्यूटीवरून तशीच आलेली, पांढऱ्या साडीत, पोट पुढे आलेलं, हातात गोळ्यांचं पाकीट. आत सगळ्या डोळे मिटून बसलेल्या. रमीलानं बाईंकडे पाहिलं. ती आल्याचं एकट्या बाईंनाच कळलं. त्यांनी पटकन तो डोळा मिटून घेतला. पुढं जन्मभर त्यांना जास्त कशाची लाज वाटली असेल तर ती बोललेल्या शब्दांची नव्हे, या डोळा मिटण्याची.

आमेन झालं तेव्हा दार रिकामं होतं. दाराजवळच्या स्टुलावर गोळ्या होत्या. 'अगोबाई, हे कुणी ठेवलं?' सरोजिनीबाईंनी विचारलं. बाई म्हणाल्या, 'दुकानातला माणूस असेल.' आणि चहा टाकायला उठल्या.

त्यानंतर रमीला आली नाही. मनोहर एकदा एकटा येऊन गेला. बसला नाही, चप्पलही काढली नाही.

'ताई, तू काय काय बोललीस ते मी विचारत नाही,' तो म्हणाला. 'ती रडली असती, भांडली असती तर मला बरं वाटलं असतं. ती गप्प आहे.'

'मी प्रार्थनाच मागितली रे,' बाई म्हणाल्या.

'हो ना,' मनोहर म्हणाला. बाईंना या दोन शब्दांनी कानशिलात बसल्यासारखं झालं. जाता जाता तो म्हणाला, 'बाळाचं नाव तू ठेवायचं, असं तिनंच पूर्वी ठरवलं होतं. आता काय ते मला माहीत नाही.'

मुलगी झाली. ही बातमी बाईंना पाळकांनी उपासनेत जाहीर केली तेव्हा कळली, इतरांबरोबर. बायका वळून वळून अभिनंदन करू लागल्या, आणि आपल्यालाही आत्ताच समजलंय हे लपवत बाई हसत राहिल्या. गोत्रीला जावं असं रोज वाटे. पण जाऊन म्हणायचं काय? पावलंच उचलत नव्हती.

त्याच सुमारास शब्बाथशाळेत मिर्यामचा पाठ आला. मिर्याम म्हणजे मोशेची थोरली बहीण. भाऊ तान्हा असताना त्याला टोपलीत घालून नदीत सोडलं, तेव्हा लव्हाळ्यात उभं राहून त्याच्यावर नजर ठेवणारी. ही बाईंची आवडती. इतरांच्या चुका सांगणाऱ्या बाई मिर्यामचा मात्र फक्त पराक्रम सांगत, समुद्र ओलांडल्यावर ती डफ घेऊन नाचली तिथे थांबत. त्या रविवारी मात्र का कोण जाणे, त्या थांबल्या नाहीत. पुढे सांगत गेल्या. मोशेनं परक्या, काळ्या मुलखातली बायको केली. मिर्यामला ते सोसेना. ती भावाच्या पाठीमागे बोलू लागली, तेही मोठ्या धार्मिकपणाचा आव आणून. देवानं ते ऐकलं. आणि काळ्या बाईला नावं ठेवणारीच्या अंगावर बर्फासारखं पांढरंफटक कोड फुटलं. तिला छावणीबाहेर काढून ठेवलं.

गोष्ट संपली. बाई नेहमीचा प्रश्न विचारायचं विसरल्या. मग पोरांनीच तो विचारला, सगळ्यांनी एका सुरात, 'बाई, मिर्याम आता बडोद्यात कुठे राहते?'

बाईंच्या तोंडून निघून गेलं, 'वाडीत.'

'वाडीत कुठे, बाई?' पोरं हसत होती. त्यांना मजा वाटली. बाईंनी पुस्तक मिटलं आणि प्रार्थना न करताच वर्ग सोडला. घरी येऊन त्या जेवल्या नाहीत. इतकी वर्षं दुसऱ्यांचे पत्ते शोधत फिरलो आणि आपल्याच दारावरची पाटी वाचली नाही, या विचारानं त्यांना स्वतःची किळस आली.

बाप्तिस्म्याची तारीख मंडळीत जाहीर झाली. बोलावणं आलं नाही, आणि नको असंही कुणी म्हटलं नाही. आपण गेलो तर रमीलाच्या दिवसाला विटाळ, असं बाईंनी ठरवून टाकलं. त्या रविवारी त्या उपासनेलाही गेल्या नाहीत. न्हाऊन, चांगली साडी नेसून, घरातच खाटेवर बसून राहिल्या. साडी कशाला नेसली, हे त्यांनी स्वतःलाही विचारलं नाही.

भर दुपारी मनोहरची स्कूटर बोळाच्या तोंडाशी वाजली.

'चल, ताई. सगळे थांबलेत.'

'उपासना तर केव्हाच संपली असेल.'

'संपली. बाप्तिस्मा राहिलाय. पाळकसाहेब दोनदा घड्याळ दाखवून गेले.'

'तू थांबवलंस सगळ्यांना?'

'मी नाही. रमीलानं.'

ख्रिस्तमंदिराच्या आवारात पोचल्यावर बाईंना स्कूटरवरून उतरवेना. छोट्या आगगाडीनं पहाटेच निघून आलेली रमीलाची माणसं लिंबाच्या सावलीत बसली होती. म्हातारी माणसं, लेकुरवाळ्या बाया, मक्याची पोती शेजारी. मटण-भाताची पातेली झाकून ठेवलेली, कुणी घास खाल्ला नव्हता. ज्यांच्या ताडीचा बाईंनी मंडळीभर बोभाटा केला ते सगळे बाईंसाठी उपाशी बसले होते. बाईंना तेव्हा आठवलं की मिर्यामच्या गोष्टीत आणखी एक ओळ आहे. मिर्याम परत येईपर्यंत लोकांनी तळ हलवला नाही. एवढा मोठा जमाव एका बाईसाठी वाळवंटात खोळंबला. शिक्षा बाईंनी मुलांना सांगितली होती, पण हे थांबणं त्यांच्या कधी डोळ्यांतच भरलं नव्हतं. आणि आता कळलं की शिक्षेपेक्षा हेच सोसायला कठीण.

पायरीवर रमीला बाळाला घेऊन उभी होती. बाईंनी हात जोडले.

'माफ नथी कर्यां, मोटीबेन,' रमीला शांतपणे म्हणाली. माफ केलेलं नाही. 'पण फोई तो तमे ज छो. आत्या दुसरी कुठून आणू?' आणि तिनं मुलगी बाईंच्या हातात ठेवली.

मुलगी आईवर गेली होती. तसाच गर्द रंग, तसंच रुंद कपाळ. तिनं जांभई दिली आणि मूठ बाईंच्या पदरात अडकवली. बाईंना रडू आवरेना. सरोजिनीबाई दारातून हे बघत होत्या आणि का कुणास ठाऊक, त्यांनीही मान खाली घातली.

सगळे आत बाकांवर बसले आणि वेदीपाशी बाई बाळ घेऊन उभ्या राहिल्या. पाळकांनी पाणी तयार ठेवलं आणि विचारलं, 'या बालकाचं नाव काय?'

मनोहरनं बाईंकडे पाहिलं. रमीलानंही. नाव खरोखरच बाईंवर सोडलेलं होतं. गर्भारपणाच्या पहिल्या दिवसांत बाईंनी चार-पाच नावं मनात घोळवली होती, सगळी आपल्या घराण्यातली. त्यातलं एकही आता त्यांच्या ओठांवर येईना. त्यांना एकच गोष्ट करावीशी वाटली. त्या रमीलाकडे वळल्या आणि हलक्या आवाजात म्हणाल्या, 'तुझ्या आईचं नाव ठेवूया. काय नाव तिचं?'

आवाज हलका होता, पण मंदिर अगदी शांत होतं. मागच्या बाकापर्यंत ऐकू गेलं. लग्नाला तीन वर्षं होत आली होती. रमीलाच्या माहेरी कोण काय पितं, कोण कुठल्या देवाला काय वाहतं, हे बाईंना तोंडपाठ होतं. तिच्या आईचं नाव मात्र त्यांनी कधी विचारलंच नव्हतं.

रमीलानं सांगितलं नाही. बाकावरच्या आपल्या आईकडे बोट करून ती म्हणाली, 'मारी बा त्यां बेठी छे. एमने ज पूछो.'

बाई बाळाला छातीशी धरून पायऱ्या उतरल्या आणि दुसऱ्या बाकापाशी गेल्या. तिथे एक सुरकुतलेली बाई, हातांत चांदीची जाड कडी, भिंतीला टेकून बसली होती. सोयरीक ठरली त्या दिवशी हिनंच आपल्या हातानं त्यांना पाणी दिलं होतं आणि त्यांनी ते नुसतं ओठाला लावून ठेवून दिलं होतं. बाई तिच्यापुढे वाकल्या.

'तमारुं नाम शुं, बा?'

म्हातारीनं आधी नातीकडे पाहिलं, मग बाईंकडे. 'रेवली,' ती म्हणाली.

बाई परत गेल्या आणि पाळकांना ते नाव सांगितलं. इतक्या बारीक आवाजात, की पाळकांना ऐकू आलं नाही. त्यांना दुसऱ्यांदा, सगळ्या मंडळीला ऐकू जाईल असं सांगावं लागलं.